गच्चीवरील बागेचे अर्धवट काम आणि उघडे पडलेले वॉटरप्रूफिंग : तक्रार पत्र

दिनांक : 4 मे 2026
मुलुंड (पूर्व), मुंबई

प्रति,
व्यवस्थापक,
लँडस्केप कंत्राट विभाग

विषय : गच्चीवरील बागेचे सदोष व अपूर्ण काम पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करून देण्याबाबत, अन्यथा रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले मंजूर कोटेशन आणि तिसरा हप्ता मागणारी आपली 29 एप्रिलची ईमेल.

महोदय,

‘ऐंशी टक्के काम पूर्ण आहे, फक्त लॉन आणि झाडे बाकी आहेत’ असे लिहून आपण 1,71,250 रुपयांचा तिसरा हप्ता मागितला आहे. हा हप्ता मी देणार नाही. एकूण 6,85,000 रुपयांपैकी 4,45,250 रुपये, म्हणजे 65 टक्के, आपल्याला आधीच मिळाले आहेत. कोटेशननुसार तिसरा हप्ता लागवड पूर्ण झाल्यावर द्यायचा आहे आणि गच्चीवर आज एकही झाड लावलेले नाही.

पण माझी तक्रार लागवड राहिली एवढ्यापुरती नाही. गच्चीवरची बाग खालून वर थराथराने होते : स्लॅब, वॉटरप्रूफिंग, पाँडिंग टेस्ट (पाणी साठवून गळती तपासणे), संरक्षक प्लास्टर, ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारे पोकळ कप्पे), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारे कापड), माती आणि शेवटी झाडे. खालचा थर तपासल्याशिवाय वरचा घातला, तर वरचा उचलून फेकावा लागतो. आपण वर चढलेल्या मालाचे टक्के मोजले आहेत. वॉटरप्रूफिंगची चाचणीच झालेली नसल्याने त्याच्यावरचे काम माझ्या हिशेबी धरता येत नाही.

काम सुरू होण्यापूर्वी गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (वीटतुकड्यांचा जाड थर) आणि त्यावर चायना मोझॅक (चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी) होते. जुने होते, पण गळत नव्हते. आपल्याच पाहणीच्या टिपणात ‘खालच्या खोल्यांत ओल नाही’ अशी नोंद आहे. विटांच्या वाफ्यांखालचे वजन कमी करण्यासाठी कठड्यालगतचा कोबा स्लॅबपर्यंत काढायचा, ही स्ट्रक्चरल इंजिनीअरची सूचना होती आणि ती योग्यच होती. आपण 14 मीटर लांबीत, 45 सेंटीमीटर रुंदीत कोबा फोडला. त्याबरोबर कठडा आणि गच्चीच्या सांध्यावरचा गोल वाटाही (कोपरा गोलाकार करणारा पट्टा) गेला. तिथे कोटेशनप्रमाणे सांध्यांवर फायबर जाळी, दोन घटकांच्या पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे एकमेकांना काटकोनात दोन हात आणि कठड्यावर 300 मिमी उंचीपर्यंत चढवलेले कोटिंग असायला हवे. प्रत्यक्षात एकच हात आहे, तोही वाफ्याच्या भिंती उभ्या केल्यानंतर मारलेला, म्हणजे विटांच्या खाली काहीच नाही. वाटा नव्याने केलेला नाही. जाळी कुठेही दिसत नाही.

यातला खरा धोका कोब्याच्या कापलेल्या कडेला आहे. वाफ्यात मुरलेले पाणी त्या उघड्या कडेतून उरलेल्या कोब्यात शिरेल आणि मोझॅकच्या खालून, वीटतुकड्यांच्या पोकळ्यांतून आडवे पसरेल. अशी गळती शिरते एका टोकाला आणि छतावर दिसते भलत्याच खोलीत. मग ती शोधायला सगळी गच्ची फोडावी लागते. म्हणूनच कोटेशनमध्ये पावसाळी पाइपांची तोंडे बंद करून 50 मिमी पाणी 72 तास साठवण्याची चाचणी लिहून घेतली होती. ती झालेली नाही. ‘आता माती भरली आहे, पाण्याने चिखल होईल’ हे आपल्या सुपरवायझरचे उत्तर मला मान्य नाही. माती चाचणीनंतर भरायची होती.

बैठकीच्या डेकबाबतही तेच झाले आहे. डेक पेडेस्टलवर (सुट्या आधारांवर), स्लॅबला भोक न पाडता, बसवायचा असे ठरले होते. आपल्या माणसांनी लोखंडी फ्रेम 10 मिमीच्या अँकर फास्टनरने जमिनीत ठोकली आहे. अशी 24 ठिकाणे आहेत. प्रत्येक फास्टनर मोझॅक आणि कोबा भेदून खाली गेला आहे. वरून सिलिकॉन भरले की झाले, असे म्हणू नये. उन्हाने लोखंड प्रसरण पावते, फ्रेम हलते आणि सिलिकॉन एका हंगामात सुटते. फास्टनर काढून भोके स्वच्छ करणे, ती एपॉक्सी ग्राउटने भरणे आणि भोवती कोटिंगचा ठिगळ देणे, एवढे करावेच लागेल.

आता वजनाबद्दल लिहिते, कारण ही बाब आजच्या आज हाताळण्याची आहे. कोटेशनमध्ये मातीचे हलके मिश्रण आहे : कोकोपीट 40 टक्के, लाल माती 30 टक्के, गांडूळखत 20 टक्के, परलाइट 10 टक्के. भिजल्यावर हे मिश्रण घनमीटरला साधारण 1,000 किलो भरते. आपण नुसती लाल माती आणली, तीही डेब्रिजचे तुकडे असलेली. भिजलेली लाल माती घनमीटरला 1,800 किलोच्या आसपास जाते. वाफ्यात मातीची खोली 40 सेंटीमीटर आहे. म्हणजे हलक्या मिश्रणाने चौरस मीटरला 400 किलो भार येतो, या मातीने 720 किलो. इंजिनीअरच्या पत्रात वाफ्यांसाठी, तेही बीमवर असल्यामुळे, 450 किलोची मर्यादा आहे. लॉनच्या भागात मर्यादा 200 किलो आहे. तिथे 15 सेंटीमीटर लाल माती घातली तर 270 किलो होतात.

यापेक्षा गंभीर म्हणजे उरलेल्या 140 गोण्या स्लॅबच्या मधोमध रचून ठेवल्या आहेत. गोणी सरासरी 32 किलोची धरली तरी सुमारे साडेचार टन वजन सहा चौरस मीटरवर आहे, म्हणजे चौरस मीटरला जवळपास 750 किलो. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 या भारतीय मानकात धरला जाणारा चल भार (माणसे, सामान यांचे वजन) चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो आहे. स्लॅब सर्वात जास्त वाकतो तो मधेच, आणि गोण्या पावसात भिजल्या की आणखी जड होतील. खालच्या खोलीत माणसे राहतात. या गोण्या बुधवार, 6 मे रोजी संध्याकाळी सहापर्यंत खाली उतरवाव्यात. या मुद्द्यावर मी कोणतीही मुदतवाढ देणार नाही.

निचऱ्यात दोन चुका आहेत. लॉनच्या जागी 30 मिमीचे ड्रेन सेल नीट बसले आहेत, ते मी मान्य करते. पण त्यांच्यावर 200 जीएसएमचे (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचे) न विणलेले जिओटेक्स्टाइल हवे होते. तिथे नर्सरीतली हिरवी शेडनेट अंथरली आहे. शेडनेट सावलीसाठी असते. तिच्या भोकांतून बारीक माती सरळ खाली जाते, ड्रेन सेलच्या कप्प्यांत बसते आणि पहिल्याच पावसाळ्यात पाण्याची वाट बंद होते. जिओटेक्स्टाइलचे पट्टे जोडावर किमान 150 मिमी एकमेकांवर यायला हवेत आणि कापड कडेला मातीच्या उंचीपर्यंत वर चढायला हवे. दुसरी चूक पाइपाची. गच्चीला 110 मिमीचे दोनच पावसाळी पाइप आहेत. त्यातल्या पूर्वेकडच्या पाइपाचे तोंड वाफ्याच्या आत गेले आहे, त्यात सिमेंटची स्लरी उतरली आहे, आणि वर ना तपासणी चेंबर ना घुमटाकार जाळी. वाफ्यांच्या तळाशी दर मीटरला ठेवायची 25 मिमीची पाणी जाण्याची भोकेही ठेवलेली नाहीत. ही गच्ची 620 चौरस फूट, म्हणजे 57.6 चौरस मीटर आहे. 100 मिमी पाऊस झाला की तिच्यावर सुमारे 5,760 लिटर पाणी पडते आणि असा दिवस मुंबईच्या पावसाळ्यात काही नवलाचा नाही. एवढे पाणी एकाच पाइपाच्या भरवशावर सोडता येणार नाही.

ठिबकचे थोडक्यात. 16 मिमीची नळी आणि ताशी 4 लिटरचे ड्रिपर आले आहेत, पण 0.5 एचपीचा बूस्टर पंप, 120 मेशचा फिल्टर आणि टायमर आलेले नाहीत. टाकीचा तळ गच्चीपासून 1.8 मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. इथे मिळेल 0.18. दाबनियंत्रित ड्रिपर एवढ्यावर चालणार नाहीत : जवळची झाडे भिजतील, टोकाची सुकतील.

झाडांच्या यादीत अनंत, मोगरा, कुंदा, लिंबू, कढीपत्ता आणि अडुळसा होते. अनंताऐवजी फायकस पाठवले आहेत. ते परत न्यावेत. फायकसची मुळे सांधा शोधत जातात, आणि गच्चीवर त्यांना सापडणारा सांधा वॉटरप्रूफिंगचाच असतो. बाकीची रोपे काळ्या पिशव्यांत, तापलेल्या मोझॅकवर ठेवली आहेत. त्यातली बरीच वाळली आहेत. ती बदलून द्यावी लागतील.

यापुढे काय व्हावे, तेही स्पष्ट लिहिते. लॉन आणि झाडांची मला घाई नाही. रोपे जुलैमध्ये लावली तरी चांगली धरतात, आणि लॉनची गादी जोराच्या पावसात वाहून जाते, ती सप्टेंबरमध्येच अंथरावी. घाई आहे ती पाण्याची. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख 11 जून आहे, पण 2025 मध्ये तो 26 मे रोजीच येऊन पोहोचला होता. शुक्रवार, 8 मेपासून काम सुरू झाले तर क्रम असा बसतो : 10 मेपर्यंत वाफ्यांतली माती व फ्रेम काढून भोके भरणे, वाफ्यांच्या भिंतींचा खालचा थर उकलून वाटा व जाळी करणे, पाइप मोकळा करणे, 11 आणि 12 तारखेला कोटिंगचे दोन हात, 17 पर्यंत ते पक्के होऊ देणे, 18 ते 21 माझ्या आणि इंजिनीअरच्या उपस्थितीत पाँडिंग टेस्ट, 22 ला 25 मिमी संरक्षक प्लास्टर आणि 29 मेपर्यंत त्यावर पाणी मारणे. यात एक दिवसही शिल्लक नाही. कोटिंगच्या पिशव्या व डबे माझ्यासमोर उघडावेत. पावडर आणि द्रवाचे प्रमाण उत्पादकाने छापलेलेच राहील, साइटवर वरून पाणी घालू नये. हे काम मूळ रकमेतच होईल. तिसरा हप्ता कोटेशनप्रमाणे लागवडीनंतर, आणि शेवटचे 68,500 रुपये 90 दिवसांच्या देखभालीनंतर मिळतील.

8 मेपर्यंत काम सुरू झाले नाही, तर करार आपण मोडला असे मी समजेन आणि दुसऱ्या कंत्राटदाराला बोलावीन. त्या स्थितीत आपल्याच दरपत्रकानुसार मी मान्य करू शकते ते काम असे : वाफ्यांचे वीटकाम 78,000, ड्रेन सेल 14,000 आणि ठिबकची नळी व ड्रिपर 9,500, एकूण 1,01,500 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 1,19,770. वीटकामाचा काही भाग उकलावा लागणार असूनही मी ते पूर्ण धरले आहे. उरलेले 3,25,480 रुपये 15 दिवसांत परत करावेत. तोडफोड दुरुस्त करायला येणारा जास्तीचा खर्च भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 नुसार वेगळा मागितला जाईल. दुसऱ्या हप्त्याची पावती आपण साध्या कागदावर दिली आहे. जीएसटी क्रमांक असलेले कर-बीजकही पाठवावे.

समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 35 खाली मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपले कार्यालय कुठेही असले तरी ग्राहक राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तिला शुल्कही लागत नाही. तरीही आपणच सुरू केलेले काम आपल्याच हातून नीट पुरे व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपल्या गवंड्यांचे वीटकाम ओळंब्यात आणि सुबक आहे. चूक त्यांच्या हाताची नाही, साइटवर क्रम ठरवणाऱ्याची आहे. म्हणून पुढच्या कामावर असा सुपरवायझर नेमावा, ज्याने गच्चीचे वॉटरप्रूफिंग स्वतः करून घेतलेले आहे.

कामाच्या तारखा मान्य असल्याचे लेखी उत्तर 7 मेपर्यंत ईमेलने द्यावे. फोनवरचे आश्वासन उत्तर म्हणून धरले जाणार नाही. गोण्या उतरवण्यासाठी 6 तारखेला सकाळी नऊपासून जिना मोकळा ठेवते.

आपली ग्राहक,
घरमालक, मुलुंड (पूर्व)

सोबत : कोटेशनची प्रत, दोन्ही हप्त्यांच्या पावत्या, इंजिनीअरचे भारमर्यादेचे पत्र, गच्चीची तारखेसह छायाचित्रे.