वॉर्डात तुझं काय काम?

मुंबई, १२ डिसेंबर २०२१

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग कोविडमध्ये वॉर्डात तुझं काय काम?" मी विषय बदलला. बोलणं जमलं नाही, म्हणून लिहिते.

माझं पद समाजसेवा अधीक्षकाचं. एप्रिलमध्ये त्याचा अर्थ एवढाच उरला होता, की डॉक्टरांनी घरी निधन कळवलं की पुढचा फोन माझा. घरात आणखी कोण पॉझिटिव्ह आहे, स्मशानात यायला कोणी आहे का, हे विचारायचं. एकदा घरातले सगळेच क्वारंटाइन होते. मुलाने व्हिडिओ कॉलवर बापाला नमस्कार केला आणि मी मोबाइल धरून उभी. हात अवघडला, पण खाली कसा घेणार?

सामान परत करणंही माझ्याकडेच. चष्मा, कवळी, अर्धा संपलेला बिस्किटांचा पुडा. पिशवीवर मार्करने नाव लिहायचं. एका पिशवीतला मोबाइल वाजत राहिला, वर 'घर' असं नाव. घरी अजून कळवलेलं नव्हतं, डॉक्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेले. मी उचलला नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

बाबा, बापूकाकांचं शेवटचं तोंड तुम्हाला पाहू दिलं नाही, "नियम आहे" म्हणून परत पाठवलं. तसा नियम नव्हता. केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांतच होतं, की कर्मचारी मृतदेहाच्या बॅगेची चेन उघडून चेहरा दाखवू शकतो; हात न लावता पोथी वाचता येते, गंगाजल शिंपडता येतं. त्याच आठवड्यात मी इथे परक्यांना चेहरे दाखवत होते आणि तुम्हाला एक फोन करायचं मला सुचलं नाही. तिथल्या लोकांचा राग येतो, पण त्याहून जास्त माझा.

कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या ५०,००० रुपयांच्या सरकारी मदतीसाठी काकूच्या अर्जाचं म्हणाल, तर दाखल्यावर नुसतं 'न्यूमोनिया' आहे म्हणून घाबरू नका. काका पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांच्या आत गेले, तेवढं पुरतं. रिपोर्ट आणि पासबुक तेवढं शोधून ठेवा. "त्यांच्या जिवाचे पैसे नकोत" असं ती म्हणाली तर आई, तू समजावत बसू नकोस. इथे पुष्कळ बायका तसंच म्हणतात.

शनिवारी येते. आधी एकटीच काकूकडे जाऊन बसेन. फॉर्मचं नंतर बघू.

तुमची,
ताई