येताना कोरी वही आण

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडातल्या तुमच्या विद्यापीठाची सहा मुलं पावसाळ्यात महिनाभर इकडे शिकायला येणार, बरोबर तूही, हे ऐकून आनंद झाला. पण मनातलं सगळं फोनवर बोलता आलं नाही.

मी प्रसूतीच्या वॉर्डात कामाला असताना अशीच परदेशी मुलं आली होती. बाळंतिणींना विचारून फॉर्म भरले, फोटो काढले, गेली. त्यातून काय निघालं, ते कुणीच कळवलं नाही. त्या बायांनी किती विश्वासाने दुखणं सांगितलं होतं गं! अजून वाईट वाटतं.

त्यातली एक मुलगी मात्र रोज दुपारी माझ्याजवळ बसायची. कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी कसं ठेवायचं, मान कशी वळवायची, कापड कुठवर बांधायचं, सगळं हाताने शिकली. ही कांगारू पद्धतही मुळात आपली नव्हे. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या इस्पितळात काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एदगार रेय यांनी ती सुरू केली. आता श्रीमंत देशही वापरतात. आणि त्या मुलीकडून मी काय शिकले? बाईच्या पोटाला हात लावण्याआधी ती खुणेने का होईना, विचारायची. मी वीस वर्षं न विचारता तपासत आले होते. त्या दिवसापासून विचारू लागले.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, आणि पुढे देशोदेशीची माणसं त्यांच्याकडे शिकायला आली. तसं काही मुलं पाठवण्याच्या तुमच्या करारात आहे का? इथून तिकडे कोण जाणार? सहा येतात तर निदान एक नर्स आणि एक आशाताई जाऊ दे. व्हिसा, तिकीट, बुडणारा पगार, सगळं करारात लिहून घे, नाहीतर त्या जाऊच शकणार नाहीत. तिकडे त्यांना नुसतं फिरवू नका, प्रसूतीच्या वॉर्डात उभं करा. २०१९ च्या महापुरात शिरोळकडे कुठल्या घरात दिवस भरलेली बाई आहे, हे आशाताईंना पाठ होतं. पूर तुमच्या इंग्लंडातही येतात. त्यांना विचारा.

आणि जे निघेल ते त्याच गावात, मराठीत, त्याच बायांसमोर वाचून दाखवायचं.

सही होण्याआधी हे पत्र तुझ्या सरांना समजावून सांग.

तुझी,
आई