आजीचे धवले

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्नं आटोपली की नवी मुंबईच्या गावठाणांत मांडव उभे राहायला लागतात. आगरी हळद, रात्रभर वाजणारा बेंजो, मटणाची पंगत यांवर दरवर्षी वर्तमानपत्रांत काही ना काही छापून येतं आणि मी ते आवडीने वाचते. त्यात जिचं नाव क्वचितच येतं, त्या धवलारणीबद्दल, म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी, धवले, म्हणणाऱ्या बाईबद्दल लिहायचं आहे. माझी आजी धवलारीण होती.

माझं माहेर करावे. आगऱ्यांची लग्नं पूर्वी धवलारीण लावायची. मांडवाचा धवला, चुलीचा, हळदीचा, नवरी उंबरा ओलांडते तेव्हाचा. आजी भिंतीला टेकून बसायची, एक गुडघा उभा, डोळे मिटलेले, मुठीतले तांदूळ मधूनच सोडायची. वाद्य कसलंच नसे. हळदीच्या धवल्यात ती आधी गावदेवीला बोलवायची, मग एकवीरा आईला, आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन, लग्नाला या म्हणून. खाडीत बुडालेला चुलत आजोबा, बाळंतपणात गेलेली पणजी, बारशाआधीच गेलेलं एक पोर, ज्याला ती नुसतंच ‘तान्हा’ म्हणायची. नावं घेताना मांडवातल्या म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. बदल्यात तिला लुगडं, नारळ आणि शेरभर तांदूळ मिळत.

मी घरातली पहिली पदवीधर. तेव्हा लोकल नव्हती, वाशीपर्यंत ती १९९२ मध्ये आली. बसने वाशीच्या कॉलेजात जायचे. बी. ए. ला मराठी घेतलं होतं आणि तिथे महदंबेचे धवळे शिकवले. तेराव्या शतकातली आद्य मराठी कवयित्री, रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंसाठी तिने गायलेली लग्नाची गाणी. शिकवता शिकवता सरांनी विचारलं, ‘‘तुमच्यापैकी कुणी धवळे प्रत्यक्ष ऐकलेत का?’’ मी मान खाली घातली आणि वहीत तारीख पुन्हा गिरवली. आमच्याकडे ‘ळ’चा ‘ल’ होतो, तेवढाच काय तो फरक होता. परीक्षेत महदंबेवर मी चार पानं लिहिली.

१९८९ मध्ये माझं लग्न ठरलं. सासर ठाण्याचं, सगळे नोकरदार. भटजी यायचे होते. हळदीच्या आदल्या दिवशी आजीने तांदूळ निवडून सुपात ठेवलेले मी पाहिले आणि म्हणाले, ‘‘आजी, ते रडगाणं नको हं माझ्या लग्नात.’’ हाच शब्द वापरला मी. ती म्हणाली, ‘‘पोरी, हलदीचा तरी म्हनू दे.’’ मी नाही म्हटलं. बाबाही काही बोलले नाहीत. दोन्ही दिवस ती नवं लुगडं नेसून मागच्या चुलीपाशी बसून होती. मी पाया पडायला गेले तेव्हा तिचे ओठ हलत होते. वाकून ऐकलं असतं तर कळलं असतं. मी घाईत होते.

त्याच लग्नात मला टू-इन-वन टेपरेकॉर्डर आहेर म्हणून आला होता. आजी त्यानंतर पाच वर्षं जगली. माझ्याकडे येऊन आठ-आठ दिवस राहायची. त्या टेपचं लाल बटण मी तिच्यासाठी एकदाही दाबलं नाही.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जमिनीसाठी आमची माणसं शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे रस्त्यावर उतरली, जानेवारी १९८४ मध्ये पाच जण गोळीबारात गेले. त्या जमिनीचे कागद माझ्या भावाने पत्र्याच्या पेटीत अजून जपून ठेवलेत. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर आजोबा आहेत, पणजोबा आहेत, चुलते आहेत. बाई एकही नाही. आमच्या बायांचा सातबारा आजीच्या तोंडी होता, आणि तो मी बंद केला.

गेल्या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न झालं. तिने हट्ट धरला, हळदीला धवले हवेत. ‘‘आई, तुझ्या हळदीला पणजीने कोणता म्हटला होता?’’ असं तिने विचारलं तेव्हा मला हे सगळं तिला सांगावं लागलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. मग आम्ही माझ्या आईकडे गेलो. आई ८१ वर्षांची आहे. चाल गुणगुणते, शब्द येत नाहीत. ‘‘ती म्हनायची तवा मी भाकऱ्या थापीत असायची,’’ म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘मला शिकायचा व्हता. इचारला नय कदी.’’ हे मला आजवर माहीत नव्हतं.

शेवटी उरणकडच्या एका गावातून धवलारीण मिळाली. सत्तरी ओलांडलेली, आवाज खणखणीत. गावदेवी झाली, एकवीरा झाली, आणि मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, ‘‘घरातली गेलेली मानसा सांग.’’ आजोबांचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. बायांपैकी फक्त आजीचं. तिने ते घेतलं आणि पुढच्या नावासाठी थांबली. डीजेवाला पोरगा वायर हातात धरून उभा होता. माझी मुलगी हळदीच्या पाटावरून माझ्याकडे बघत होती. मला सांगता येईना. धवलारणीने क्षणभर वाट पाहिली आणि ‘‘सारी या, सारी या’’ म्हणत पुढची ओळ धरली.

या गावठाणांत अजूनही धवले येणाऱ्या आज्या आहेत. ज्यांच्या घरात आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. या लग्नसराईत एक दुपार काढा, फोन त्यांच्यापुढे ठेवा आणि आधी नावं विचारा, गाणं मागाहून. हळदीला डीजे तासभर उशिरा लावा. आणि संपादक महाशय, आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर आठवड्यातून एकदा एखादा धवला, ज्या गावचा असेल त्या गावाच्या आणि म्हणणारीच्या नावासकट छापता आला तर छापावा. पहिल्या आठवड्यासाठी त्या उरणच्या बाईंना विचारून, लिहून आणून द्यायची माझी तयारी आहे.

परवा सुकट निवडता निवडता आईला तिच्या आजेसासूचं नाव आठवलं. मी ते वहीत लिहून ठेवलं. मुलीने खाली आणखी सहा रेघा आखून ठेवल्यात. रविवारी आईला घेऊन आम्ही करावे गावात तिच्या नणंदेकडे जाणार आहोत.

आपली नम्र,
करावे गावची एक माहेरवाशीण
नेरूळ, नवी मुंबई