परिचारिकेला गुलाब नको, प्रश्न विचारायची मुभा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ मेला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनाचा कार्यक्रम सालाबादप्रमाणे पार पडला. निवृत्त परिसेविका म्हणून मलाही बोलावणं होतं. मेणबत्त्या लागल्या, शपथ झाली, प्रत्येकीच्या हातात एकेक गुलाब आला. पाहुणे म्हणाले, ‘नर्सकडे ज्ञान थोडं कमी असलं तरी चालेल, सेवाभाव हवा.’ टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढल्यावर या वाक्याचा राग येतो, तो का येतो ते लिहिते.

मी नवीन असतानाची गोष्ट. सर्जिकल वॉर्डात एक आजी होत्या. साखरेच्या आजाराने पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला, सकाळी ऑपरेशन ठरलेलं. संध्याकाळी त्या भाकरी मोडत होत्या, पण चारच बोटांनी. अंगठा उंच धरलेला. त्याला निळी शाई होती, ती भाकरीला लागू नये म्हणून. मी सलाईन बदलत होते. आजी म्हणाल्या, ‘अंगठा घेतला बाई, कशाला घेतला त्ये कोन सांगंना.’ मी ‘उद्या सांगतील हं’ म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. चाळीसेक पेशंट होते, वेळ नव्हता, हे खरं. पण केसपेपरवर ऑपरेशनच्या संमतीचा अंगठा होता म्हणजे माझं काम झालं असं मला वाटलं, हेही तितकंच खरं.

आमच्या इन्चार्ज बाई राऊंडला आल्या. त्यांना तो अंगठा दिसला. मला म्हणाल्या, ‘यांना माहीत आहे का?’ मी म्हटलं, ‘पेपरवर अंगठा आहे, बाई.’ ‘अगं, मी अंगठ्याचं विचारलं नाही.’ स्टूल ओढून त्या खाटेजवळ बसल्या. पाच मिनिटांत कळलं की पाय गुडघ्याखालून काढायचा आहे, हे मुलांनी आईला सांगितलंच नव्हतं. आजी समजत होत्या की जखम धुवायची आहे. बाईंनी रात्रीच डॉक्टरांना फोन लावला. ते वैतागले, पण सकाळी येऊन स्वतः बोलले. आजींनी एवढंच विचारलं, ‘मग भांगलाय कशी बसू?’ म्हणजे शेतात तण काढायला. दोन दिवसांनी त्याच आजींनी, सगळं समजून, परत अंगठा दिला.

यात सेवाभाव मलाही होता. बाईंकडे जे जास्तीचं होतं त्याला एक नाव देता येणार नाही. एक तर नजर. शाई मला आधी दिसली होती, पण तिच्यात काही प्रश्न आहे हे मला दिसलं नव्हतं. दुसरं म्हणजे, आपण अडचणीचं विचारतोय, डॉक्टर चिडतील, नातेवाईक अंगावर येतील, हे माहीत असून ती अस्वस्थता सोसायची तयारी. आणि तिसरं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही, ते म्हणजे स्वतःवर शंका घेता येणं. ‘मी चांगली आहे, माझ्या हातून वाईट होणार नाही’ असं जिला पक्कं वाटतं, ती नर्स मला सगळ्यात धोक्याची वाटते. देवदूत म्हणवून घेतल्याने नेमका हाच समज वाढतो.

अमेरिकेत चार्ल्स हॉफ्लिंग या मनोविकारतज्ज्ञाने १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नर्सला अनोळखी डॉक्टरचा फोन येतो: अमुक गोळी वीस मिलिग्रॅम द्या. डबीवर लिहिलेलं, जास्तीत जास्त दहा. फोनवरची ऑर्डर घ्यायची नाही असा नियम. गोळी खोटी होती, ग्लुकोजची. बावीसपैकी एकवीस नर्स ती द्यायला निघाल्या, वाटेत त्यांना थांबवण्यात आलं. गंमत पुढे आहे. दुसऱ्या एकवीस विद्यार्थिनींना नुसतं विचारलं, तुम्ही काय कराल? सगळ्याच म्हणाल्या, आम्ही देणार नाही. कागदावर सगळेच शूर असतात.

म्हणून काय नर्सा भित्र्याच? १९७७ साली असाच प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी केला. या वेळी औषध नर्सना माहितीतलं होतं आणि शेजारच्या सहकाऱ्याशी बोलायला मोकळीक होती. अठरांपैकी दोघीच द्यायला तयार झाल्या. तेव्हा ‘ज्ञान कमी असलं तरी चालेल’ म्हणणाऱ्या पाहुण्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. औषध माहीत असणं आणि ‘अगं, हे बरोबर वाटतंय का तुला?’ असं विचारायला कुणी तरी जवळ असणं, धैर्य बरंचसं यातून येतं.

आता आपल्याकडचं बघू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाने अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. नाइटला कुठल्याही जनरल वॉर्डात जाऊन मोजून या. शेजारी कुणी नसतंच, तर विचारणार कुणाला? त्यात आपल्या कोल्हापूरची एक तऱ्हा. इथे पेशंट कधी एकटा नसतो. एका खाटेभोवती आठ पाहुणे, तीन डबे आणि एक नगरसेवकाचा फोन. माया असते, नाही म्हणत नाही. पण या गराड्यात खुद्द पेशंटचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. तो ऐकायचं काम सिस्टरचं.

मी नोकरीला लागले त्या १९८४ सालीच अँड्र्यू जेमेटन या अमेरिकी तत्त्वज्ञांनी या दुखण्याला ‘नैतिक क्लेश’ अशा अर्थाचं नाव दिलं: योग्य काय ते कळतं, पण व्यवस्था करू देत नाही. ज्या मुलींना हे लागतं, त्या चांगल्या नर्स. त्याच आधी नोकरी सोडतात, नाहीतर घट्ट होतात. घट्ट झालेल्या सिस्टरला आपण ‘तुसडी’ म्हणतो. ती तशी आली नव्हती.

माझं मागणं फार नाही. ड्यूटी बदलताना ओव्हर देतो तेव्हा सलाईन, लघवी, तापाबरोबर ‘आज मला काय खटकलं’ एवढं एक वाक्य सांगायची पद्धत पाडावी, आणि ते सांगणारीला मेमो देऊ नये. मी इन्चार्ज झाल्यावर हे करून पाहिलं. पहिला महिनाभर कुणी तोंड उघडलं नाही. मग मीच माझी शाईची गोष्ट सांगितली, तेव्हा बोलायला लागल्या.

आमच्या गल्लीत चंदगडकडची एक मुलगी खोली घेऊन राहते, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीतिशास्त्राची व्याख्या तिला तोंडपाठ आहे. परवा तिने विचारलं, ‘मावशी, वॉर्डात मॅडमचं काही चुकलेलं दिसलं आणि मी बोलले, तर प्रॅक्टिकलचे मार्क कापतील का ओ?’ मी चहा ओतत राहिले. तिला काय सांगायचं, हे एखाद्या प्राचार्यांनी किंवा मेट्रनबाईंनी याच सदरात लिहून कळवलं तर बरं होईल.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
राजारामपुरी, कोल्हापूर