युद्धपट की डरकाळ्यांची स्पर्धा?

महोदय,

हल्लीचे युद्धपट पाहताना कानठळ्या बसतात, पण जीव काही टांगणीला लागत नाही. नायक एकटाच बंकरवर चालून जातो, छातीत गोळी लागल्यावरही लांबलचक भाषण ठोकतो. आणि शत्रू? तो बिचारा नेम धरायलाच शिकलेला नसतो. टेकडी कुणाच्या ताब्यात आहे, दारूगोळा किती उरलाय, हे प्रेक्षकाला कळतच नाही. मग धाकधूक वाटणार कशी?

डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाच्या चौकीवर पाकिस्तानी रणगाडे रात्री चालून आले. आपल्या हंटर विमानांना अंधारात हल्ला करणे शक्य नव्हते. शंभर-सव्वाशे जवानांनी उजाडेपर्यंत तग धरायचा होता. खरे नाट्य त्या वाट पाहण्यातच आहे. त्यात वरून मसाला कशाला घालायचा?

शिवाय युद्धपटाच्या नायकाच्या हाती बंदूकच हवी, असेही नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. वय अवघे ३२. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. (गाण्यांचा सोस त्यातही आहेच, पण माणूस दिसतो.) कोटणीसांच्या स्मारकावरून रोज कॉलेजला जाणाऱ्या किती पोरांनी तो पाहिला असेल? १० ऑक्टोबरला, त्यांच्या जयंतीदिनी, महापालिकेने तो हुतात्मा स्मृती मंदिरात दाखवावा. माफक तिकीट लावले तरी हरकत नाही.

– एक चित्रपटप्रेमी, सोलापूर