अण्णा, हे आईला वाचून दाखवा

ती. आई-अण्णांस सा. न.

परवा फोनवर आईनं विचारलं, "किती दिस हैत माझे?" आणि मी सॅम्पल आलंय म्हणून फोन ठेवला. सॅम्पलबिंपल काही नव्हतं.

अण्णा, रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' वाचून तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत म्हणे. करोनानं त्या शब्दाची पार वाट लावली. फुफ्फुसाचा कॅन्सर आहे हे बायोप्सीत आधीच कळलं होतं. ही तपासणी कुठलं औषध लागू पडेल त्याची होती, आणि त्यात ईजीएफआर पॉझिटिव्ह येणं ही या सगळ्यातली बरी बातमी.

ब्लॉक आमच्याच लॅबला आला. तो मी दुसऱ्या कुणाला कापू दिला नाही. मेणात बसवलेला आईच्या फुफ्फुसाचा तुकडा, तुटक्या शेवईएवढा. चार मायक्रॉनचे काप कोमट पाण्यावर सोडले की एकमेकांना चिकटून पट्टी तरंगते. हे काम मी रोज करते. त्या दिवशी पहिली पट्टी फाटली.

ईजीएफआर म्हणजे पेशीच्या अंगावरचं प्रोटीन, आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरसारखं. बाहेरून इशारा आला की ते आतल्या प्रोटीनना निरोप देतं, एकाकडून दुसऱ्याकडं, आणि पेशी वाढते. आईच्या गाठीत त्याच्या जनुकातला छोटा तुकडा गळालाय, एक्झॉन 19 नावाच्या भागातला. म्हणून हिरवं बटण आत दाबलेलंच राहिलंय. कुणी चालू न करता मोटार रात्रंदिवस चालतेय. आईची ओसिमर्टिनिबची 80 मिलिग्रॅमची गोळी नेमकी त्या स्टार्टरात जाऊन बसते आणि तो इशारा अडवते.

हा बदल बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत, त्यातही बायकांत जास्त सापडतो. तेव्हा 'बाईमाणसाला हा रोग कसा' म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका. (तालुक्याला सहा महिने टीबीच्या गोळ्या चारल्या, त्यावर लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही.)

गल्लीतल्या काकांनाही फुफ्फुसाचाच आहे म्हणून आईची गोळी त्यांना देऊ नका. 2009 च्या एका मोठ्या अभ्यासात याच जातीची जुनी गोळी, हा बदल असलेल्यांना केमोपेक्षा जास्त लागू पडली. बदल नसलेल्यांचा रोग मात्र तिच्यावर केमोपेक्षा लवकर वाढला. आणि दादानं पाठवलेला तो एकेटी प्रोटीनचा (आत निरोप पोचवणाऱ्यांतलंच एक) लेख बाजूला ठेवा. त्यावरून रोग पुढं कसा वागेल याबद्दल अभ्यासाअभ्यासांत मेळ नाही, डॉक्टर त्यावर औषध ठरवत नाहीत.

आता आईचा प्रश्न. 2020 साली छापून आलेल्या अभ्यासात हीच गोळी सुरुवातीपासून घेणारे निम्मे लोक 38.6 महिन्यांच्या पुढं जगले. जुन्या गोळ्यांवर तो आकडा 31.8 होता. आई, हे तुझे दिवस नव्हेत. निम्मे अलीकडं, निम्मे पलीकडं, तू कुठं ते मला माहीत नाही. पूर्ण बरी होशील असं मी म्हणणार नाही. पुढं कधीतरी रोग दुसऱ्या तारेवर आकडा टाकतो; तेव्हा पुन्हा तपासून पुढचं ठरवायचं.

अंगावर पुरळ येईल, नखांच्या कडा दुखतील, जुलाब होतील. डॉक्टरांना फोन करायचा, मनानं गोळी बंद करायची नाही. आई, तू बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड घेतेस हे मला ठाऊक आहे.

वेळ अमावस्येला येते. भज्जीचं सामान मी आणीन, चुलीपाशी तू बसायचं नाहीस. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, आल्यावर मोजणार आहे.

तुमची,
माई