दादा, त्या कॅप्सूल मी पाठवत नाहीये

रॉटरडॅम

प्रिय दादा आणि वहिनी,

दादा, वहिनीच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या केमोबरोबर द्यायच्या गोळ्यांची तुझी लिस्ट मिळाली. काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल, अ‍ॅसिटिल कार्निटीन, व्हिटॅमिन सी, ई, को क्यू टेन, बी ट्वेल्व्ह. यातलं जवळजवळ सगळं इथे साध्या दुकानात शाम्पूच्या शेजारच्या शेल्फवर असतं, चिठ्ठी कोणी मागत नाही. पुढच्या महिन्यात ऑफिसमधला एक जण नेरुळलाच येतोय, त्याच्याकडे सहज देता आलं असतं. तरी मी पाठवत नाहीये. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं नको म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं की हिला काय पडलंय तिकडे बसून, म्हणून हे लांबलचक लिहितेय, वहिनीलाही वाच म्हणावं, शरीर तिचं आहे.

आधी कार्निटीन, कारण ते नसांसाठी म्हणून सांगतात आणि केमोने हातापायांना येणाऱ्या मुंग्या नि बधिरपणा हाच वहिनीचा सगळ्यात जास्त त्रास आहे ना. परवा व्हिडिओ कॉलवर मी बघत होते, कुडत्याचं वरचं बटण लावायला तिला किती वेळ लागला, बोटांना काजात बटण गेलंय की नाही तेच कळत नव्हतं, शेवटी चिनूने लावून दिलं आणि ती हसून विषय बदलून बोलायला लागली. मला रात्रभर तेच दिसत होतं. त्यामुळे कोणीतरी नसांसाठी गोळी सांगितली की हात पुढे जातोच, मला कळतं. पण हीच गोळी, वहिनीसारख्याच बायकांवर, नीट तपासून झालीये. अमेरिकेत ४०९ बायका, सगळ्या ब्रेस्ट कॅन्सरच्या, सगळ्यांना वहिनीला चालू आहे त्याच जातीची केमो, पॅक्लिटॅक्सेलच्या कुटुंबातली. अर्ध्यांना रोज ३००० मिलिग्राम कार्निटीन, अर्ध्यांना दिसायला तशीच पण आत काही नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळतंय हे ना बायकांना माहीत ना डॉक्टरांना. बारा आठवड्यांनी काहीच फरक नव्हता. चोवीस आठवड्यांनी ज्या खरी गोळी घेत होत्या त्यांच्याच मुंग्या आणि बधिरपणा जास्त निघाला! हे २०१३ ला छापून आलं, पुढे त्याच बायकांना दोन वर्षं बघितलं तरी त्या गटाचा त्रास जास्तच होता. त्याआधी छोट्या छोट्या अभ्यासांत हे औषध चांगलं वाटलं होतं बरं का, म्हणून तर लोक घ्यायला लागले होते. वाशीच्या त्या दुकानातल्या माणसाने तुला जे सांगितलं ते बहुतेक त्या जुन्या काळातलं आहे.

याच्यापेक्षा मुंग्यांचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वहिनी तुला सांगते, तू तिथे गेलीस की "ठीक आहे, चालतंय" म्हणतेस, तुझी सवयच आहे ती. बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते तरी समजत नाही, असं जसंच्या तसं सांग. केमोचा डोस कमी करता येतो, पुढे ढकलता येतो, दुखत असेल तर त्यासाठी ड्युलॉक्सेटिन नावाचं औषध ट्रायलमध्ये उपयोगी ठरलंय, ते डॉक्टर लिहून देऊ शकतात. पण त्यांना कळलंच नाही तर ते काय करणार.

आता व्हिटॅमिन ई, सी, को क्यू टेन, म्हणजे सगळी अँटिऑक्सिडंट मंडळी, पेशींमधलं ऑक्सिडेशन रोखणारी. दादा तुझं म्हणणं असं की केमोने शरीर झिजतं तर आपण भरून काढतोय. पण वहिनीला आधी जी लाल केमो (डॉक्सोरुबिसिन) दिली आणि पुढे जे रेडिएशन होणारे, त्यांचं काम काही अंशी पेशीत त्या ऑक्सिडेशननेच होतं. मग त्याला विझवणारी गोळी घातली तर ती चांगल्या पेशींना वाचवताना कॅन्सरच्या पेशीलाही वाचवणार नाही कशावरून? ही भीती नुसती कागदावरची नाहीये. कॅनडात क्यूबेकला ५४० लोकांना, तोंडा-घशाचा कॅन्सर असलेल्यांना, रेडिएशनच्या वेळी आणि नंतरही व्हिटॅमिन ई दिलं, सुरुवातीला बीटा कॅरोटीनही होतं. दोन्ही एकत्र चालू होत्या तेव्हा रेडिएशनचा त्रास कमी झाला हे खरं. पण गोळ्या चालू असेपर्यंत नवीन कॅन्सर निघण्याचं प्रमाण त्याच गटात जास्त होतं. त्रास कमी आणि आजाराला सवलत, असा सौदा आपल्याला नकोय.

आणि एक अभ्यास वहिनीच्या औषधांच्याच ट्रायलमधला आहे, लाल केमो, सायक्लोफॉस्फामाइड आणि पॅक्लिटॅक्सेल, तंतोतंत हेच. ११३४ बायकांना विचारलं की केमोच्या आधी आणि केमो चालू असताना तुम्ही स्वतःहून काय काय घेतलंत, मग वर्षानुवर्षं बघितलं. ज्या आधीही आणि दरम्यानही अँटिऑक्सिडंट घेत होत्या त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचा धोका ४१ टक्के जास्त दिसला. आता मी आकडा फुगवून तुला घाबरवणार नाही, हा आकडा काठावरचा होता, योगायोगही असू शकतो, आणि इथे गोळ्या चिठ्ठी टाकून वाटल्या नव्हत्या, बायकांनी आपापल्या मनाने घेतल्या होत्या, म्हणजे जास्त गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असू शकतात. पण बी ट्वेल्व्ह घेणाऱ्यांमध्ये संबंध त्याहून स्पष्ट होता आणि ते वाचून मी थांबले. मल्टीव्हिटॅमिनचं तसं काही दिसलं नाही. वहिनी शाकाहारी, बी ट्वेल्व्ह खरंच कमी असू शकतं, तर रक्त तपासून बघा, कमी निघालं तर डॉक्टर देतील आणि तेव्हा बिनधास्त घ्यायचं. कमी आहे म्हणून घेणं वेगळं आणि बरं असतं म्हणून घेणं वेगळं.

हळदीवर तू माझ्याशी भांडणार हे माहितीये, आईच्या दुधातल्या हळदीपासून सुरू करशील. आमटीतली, भाजीतली, दुधातली हळद खुशाल खाऊ दे तिला, त्याबद्दल एक शब्द नाही. पण रेडिएशन झालं की कॅन्सर परत येऊ नये म्हणून तिला टॅमॉक्सिफेन सुरू करणार आहेत ना, किमान पाच वर्षं. ती गोळी लिव्हरमध्ये जाऊन बदलते आणि एंडॉक्सिफेन बनतं, खरं काम ते करतं. इथे रॉटरडॅममध्येच, मी ज्याच्यासमोरून रोज जाते त्या इरास्मस हॉस्पिटलात, टॅमॉक्सिफेनवर असलेल्या १६ बायकांना हळदीतलं कर्क्युमिन दिवसातून तीनदा १२०० मिलिग्राम दिलं, कधी एकटं तर कधी मिरीतल्या पायपरीनबरोबर, आणि रक्त तपासलं. एकट्या कर्क्युमिनने एंडॉक्सिफेन साधारण ८ टक्के उतरलं, पायपरीन जोडल्यावर १२ टक्के. मिरी घालतात ती कर्क्युमिन अंगी लागावं म्हणून, पण पायपरीन शरीरातली जी एन्झाइम्स अडवतं तीच इतर औषधांवरही काम करतात. १२ टक्के थोडे आहेत असं तू म्हणशील. ज्यांच्या रक्तात एंडॉक्सिफेन मुळातच जेमतेम असतं त्यांना थोडंही खूप असतं, आणि आपण पाच वर्षं ज्या गोळीवर भिस्त ठेवणार तिच्यातलं थोडंसुद्धा का सांडायचं? स्वयंपाकात एवढं पोटात जाणं शक्य नाही, हळदीत कर्क्युमिन तीनेक टक्के असतं, त्या हिशोबाने रोज शंभर ग्रॅमच्या अख्ख्या पुडीहूनही जास्त खावी लागेल.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांनी पत्रक काढलं होतं तुला आठवत असेल, हळद-कडुनिंबाने कॅन्सर बरा झाल्याच्या त्या गाजलेल्या व्हिडिओनंतर, की असल्या गोष्टींसाठी उपचार लांबवू नका. तुम्ही उपचार सोडलेले नाहीयेत, वहिनी केमोची एकही सायकल चुकवत नाही, मला तिचं केवढं कौतुक वाटतं! पण बरोबरीने घेतलेली गोष्टही आड येऊ शकते एवढंच मला सांगायचंय.

आणि ती शंभर रुपयांच्या गोळीची बातमी, खारघरच्याच टाटाच्या सेंटरमधली, द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल आणि तांबं. काम खरं आहे, पण कॅन्सर परत येऊ नये यावरचे तेव्हाचे प्रयोग उंदरांवरचे होते, माणसांत कळायला वर्षं लागतात. वहिनीला विचारायचंच असेल तर तिथेच विचारा की कुठली ट्रायल चालू आहे का, ट्रायलमध्ये भाग घेतला तर निदान कोणीतरी रक्त तपासतं, लक्ष ठेवतं. ऑनलाइन रेझव्हेराट्रॉल मागवून घरी देऊ नकोस.

सगळंच वाईट निघतं असं नाही हं. आल्याचं घे, अमेरिकेत ५७६ पेशंटवर बघितलं, नेहमीच्या उलटीच्या औषधाबरोबर अर्धा ते एक ग्रॅम आलं केमोच्या तीन दिवस आधीपासून दिलं तर पहिल्या दिवसाची मळमळ खरंच कमी झाली. वहिनीला आलं आवडतं, डॉक्टरांना विचारून चालू करा, प्लेटलेट कमी असतील तर मात्र नको. आणि प्रोटीनकडे बघ जरा, मुगाचं धिरडं, दही, पनीर, तिची अंडी खायची तयारी असेल तर अंडी, या दिवसांत वजन उतरता कामा नये.

एक काम कर. घरात आत्ता जे जे आहे, शेजारच्या काकूंनी दिलेला काढा धरून, त्या सगळ्या डब्या-बाटल्या टेबलावर ठेव आणि मागच्या लेबलचे फोटो काढ, नावं आणि मिलिग्राम वाचता येतील असे. पुढच्या सायकलला खारघरला जाल तेव्हा तेच डॉक्टरांना दाखवा, लपवू नका, रागावले तर रागावले. मलाही पाठव. काकूंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर मी बोलते त्यांच्याशी, माझं ऐकतात त्या.

त्या माणसाबरोबर मी वहिनीसाठी पायात घालायचे मऊ बंद बूट पाठवतेय, टाच घट्ट धरणारे, चप्पल निसटणार नाही. साईज चिनूला मापून सांगायला सांग, डावा पाय जरा सुजतो म्हणाली होती ना, तर संध्याकाळी माप.

तुझी
मनू